थेंबाची धोका पातळी

पावसाळ्यात कोल्हापूर दोन आकड्यांवर जगतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी. एरवी सख्ख्या साडूचं लग्न कधी झालं हे विसरणारा माणूस जुलै महिन्यात उठल्याउठल्या "किती झालं?" म्हणून विचारतो. समोरचाही "छत्तीस-चार" एवढंच म्हणतो आणि चहाकडे वळतो. छत्तीस काय आणि चार काय, असं जो विचारेल तो पाव्हणा समजावा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तिसरा आकडा सुरू झाला. वडिलांच्या मोटरसायकलखाली फरशीवर काळा डाग पडायला लागला, म्हणून बायकोनं तिथं एक जुनी परात सरकवली आणि रोज सकाळी पातळी जाहीर करायला सुरुवात केली.

"मी आत्ताच बघून आलो," ती म्हणाली. (कोल्हापूरच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात. मी मराठीचा मास्तर आहे, पण लग्नानंतर पहिल्या आठवड्यात एकदा हे दुरुस्त करून बघितलं, तेवढं पुरलं.) "परातीचा तळ झाकलाय. इशारा पातळी."

चौथ्या दिवशी तिनं राधानगरीचं नाव काढलं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की ते कुणाला न विचारता आपोआप उघडतात. "तुमच्या गाडीचाबी एक उघडलाय," ती म्हणाली, "आणि तोबी कुणाला विचारून न्हाई."

गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढं जे काही झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही; दोष सगळा आमच्या हाताचा आहे, आणि तो हात कोल्हापूरचा आहे.

झाकण म्हटलं की मध्ये काहीतरी आलंच. कुकरच्या झाकणाला रिंग असते, बरणीच्या झाकणाला रबर असतं, तसं इंजिनाच्या झाकणाला पॅकिंग असतं. त्याला पुस्तकात गॅस्केट म्हणतात. गॅरेजात गॅस्केट म्हटलं की बिल वाढतं. पण या गाडीच्या उजव्या झाकणाला मुळात पॅकिंगच दिलेलं नाही. ॲल्युमिनियमची दोन ओतीव तोंडं, मशीन मारून आरशासारखी सपाट केलेली. ती एकमेकांना भिडवायची, मध्ये पातळ लेप द्यायचा, बोल्ट आवळायचे. तो लेप म्हातारा झाला होता. तो बदलायचा, एवढंच काम. प्रश्न इतकाच, की लेप कसला?

हा प्रश्न मी कोल्हापुरात चारचौघांत विचारला, ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या गावात माणसं डॉक्टर असतात, वकील असतात, कवी असतात. कोल्हापुरात हे सगळे असतातच, पण त्याखेरीज प्रत्येक जण निम्मा मेस्त्री असतो. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि कॅमेऱ्याच्या पेटीत उजेडाचा कणसुद्धा गळून चालत नाही. तेव्हा गळती थांबवणं ही आमची शंभर वर्षांची वहिवाट आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव मिळून फौंड्र्या तीनशेच्या घरात. इथं बिडाचं ओतीव काम बघत माणूस मोठा होतो. कुणाचा चुलता लेथवर, कुणाचा मामा पॅटर्न शॉपात, कुणाचा साडू हीट ट्रीटमेंटमध्ये. अशा गावात "गळतंय" हा शब्द उच्चारणं म्हणजे तालमीसमोर उभं राहून "पाठ दुखतीया" म्हणण्यासारखं आहे. दहा जण धावत येतात आणि दहाही जण पाठीवर बसतात.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर मी पेला हातात घेऊन विषय काढला. एकजण म्हणाला, साबण लावा. पेट्रोलची टाकी पाझरली की साबणाची वडी घासतात, हे खरं आहे. पण ती वाट घरापर्यंत पोचण्याची, जन्माची नाही. दुसरा म्हणाला, हळद. रेडिएटर गळायला लागला की ट्रकवाले त्यात हळद टाकतात. माझ्या गाडीला रेडिएटरच नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बसवून घ्या." तिसऱ्यानं नळाला लावायची दोन रंगांची मळायची पुटी सांगितली. चौथा फक्त "नाद खुळा" म्हणाला. तो कशाला म्हणाला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग आण्णा बोलले. आण्णा आमच्या गल्लीतले, साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर म्हणून जन्म काढलेले.

"शेंदूर," आण्णा म्हणाले.

मला वाटलं, मारुतीला घालायला सांगतायत. तेही करायची माझी तयारी होती. पण आण्णांचा शेंदूर इंजिनासाठीच होता. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो जवसाच्या तेलात मळून वाफेच्या पाइपांच्या फ्लँजवर लावायचे. सुकला की दगड. पांढरा हवा असेल तर सफेदा, तोही शिशाचाच. म्हणजे गावाबाहेर मारुतीच्या अंगावर तेल-शेंदूर चढत होता, तेव्हाच कारखान्यात पाइपाच्या अंगावरही तेल-शेंदूरच चढत होता. एकाकडे शक्ती मागायची, दुसऱ्यात कोंडायची. शिसं विषारी असल्यामुळं कारखान्यातला शेंदूर आता मागं पडला. पण आण्णांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. मारुतीवर वर्षानुवर्षं पुटावर पुटं चढत गेली की नाक-डोळे दिसेनासे होतात, आणि मग एखाद्या दिवशी ते सगळं कवच आपल्याच वजनानं खाली येतं. "लेप लई झाला की देवालाबी पेलवत न्हाई," आण्णा म्हणाले. मी मान डोलावली. मास्तर लोकांचं असंच असतं. दुसऱ्यानं सांगितलेलं वाक्य आवडलं की ते वहीत लिहितात आणि वही मिटतात.

शेलॅकही निघाला. काळपट तपकिरी, बाटलीतला, उग्र वासाचा. शेलॅक म्हणजे परदेशी काहीतरी असं मी चाळीस वर्षं समजत होतो. ती आपली लाख निघाली. झाडाच्या फांदीवर बारीक किडे करतात ती, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. हिच्याच बांगड्या, हिच्याच मोहोरा, आणि ७८च्या तबकड्याही हिच्याच. म्हणजे ज्या लाखेतून आमच्या आजोबांनी नाट्यगीतं ऐकली, तीच लाख वडिलांनी इंजिनाला लावली. त्या इंजिनाला सूर का आहे, ते मला तेव्हा कळलं.

पण शेवटी मी गेलो कोपऱ्यावरच्या गॅरेजात. तिथल्या पोरानं झाकण काढलं, इकडंतिकडं बघितलं, आणि माझ्याच पिशवीतली लग्नपत्रिका उचलली. पत्रिका जाड, भारी कागदाची, वर सोनेरी गणपती. ती त्यानं झाकणाच्या तोंडावर ठेवली आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक ठोकत गेला. जिथं जिथं धातूची कड होती तिथं तिथं कागद तुटत गेला. पाच मिनिटांत झाकणाच्या आकाराचं, बोल्टांच्या भोकांसकट, नेमकं पॅकिंग तयार. मी पाहत राहिलो. विद्या म्हणावी तर ही. गणपती बाहेर राहिला, 'आपले नम्र' इंजिनात गेले.

आठ दिवस तेल थांबलं. नवव्या दिवशी इंजिन कण्हायला लागलं. दहाव्या दिवशी मी स्वतः ते झाकण उघडायचं ठरवलं, ही दुसरी चूक. आणि ते निघेना म्हणून फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं, ही तिसरी. 'खट्' झालं. झाकण निघालं. पत्रिका दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी चिकटून राहिली, वरपक्ष इकडं आणि वधूपक्ष तिकडं. ती मी खरडली. तोंडावर स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा उमटला होता, नखात येईल एवढा. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आता मात्र शास्त्रशुद्ध माल आणायचा, असं ठरवून उद्यमनगरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर ट्यूबा मांडल्या. काळी, करडी, लाल, निळी, पारदर्शक. कोल्हापुरात रंगपंचमीलाही एवढे रंग निघत नाहीत. ही सगळी सिलिकॉनची मंडळी. त्याखेरीज एक छोटी बाटली, आत जांभळट लाल काहीतरी.

पुण्याच्या मेहुण्याला फोन लावला. माझा मेहुणा पुण्यात राहतो, त्यामुळं त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "लाल घ्या. त्यावर तीनशे अंश लिहिलेलं असतं." मी म्हटलं, आपलं झाकण फार तर शंभर-सव्वाशेपर्यंत तापत असेल. तो म्हणाला, "असू दे की. शिल्लक राहील." उष्णता शिल्लक टाकणारा पहिला माणूस मी पाहिला.

मी बाटली उचलली. बाटली निम्मीच भरलेली. दुसरी घेतली, तीही निम्मी. तिसरीही.

"हे काय हो? उंदीर पितायत काय?"

"कंपनीतनंच तशी येत्या, सर."

"आणि पैसे?"

"पैसे पुरे."

एवढ्या एका कारणासाठी मी ती बाटली खाली ठेवली. निम्मी भरलेली वस्तू पूर्ण पैशात घेणं हे कोल्हापूरकराच्या रक्तात नाही. आमच्याकडं दूधवाला मापानंतर वर ओततो, भाजीवाली कोथिंबीर वर टाकते, जेवायला वाढणारा "बास" हा शब्द ऐकल्यावर दोन पळ्या आणखी घालतो, कारण "बास" म्हणजे "संकोच वाटतोय" असा आमच्याकडं अर्थ आहे. मी करड्या सिलिकॉनची भली मोठी ट्यूब घेतली. टम्म भरलेली. हाताला कशी बरी वाटली.

घरी आलो. बाहेर पाऊस. झाकणाच्या कडेनं ट्यूब फिरवायला सुरुवात केली. कागदावर लिहिलं होतं, दोन-तीन मिलिमीटर जाडीची एकच अखंड दोरी काढा. दोन मिलिमीटर म्हणजे केवढं? शेवयाएवढं. मी शेवयाएवढी दोरी काढली आणि मला ती फार केविलवाणी वाटली. एवढ्या थोरल्या इंजिनाला एवढीशी शेवई? पाव्हण्याच्या ताटात एक भजी टाकल्यासारखं झालं. मी वरनं आणखी एक फेरी मारली. मग ओरखड्याच्या जागी खास एक गोळा ठेवला, तो ओशाळला होता म्हणून. मग ट्यूबमध्ये थोडंच उरलंय, टाकून काय द्यायचं, म्हणून तिसरी फेरी. शेवईची जिलबी झाली.

एवढ्यात शेजारचे काका छत्री झटकत आले आणि पाणी किती वाढलं हे सांगायला बसले. चहा झाला. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर सुकतं, आणि जुलैच्या कोल्हापुरात हवा म्हणजे पातळ पाणीच. पंचगंगा अडतीस फुटांवरून एकोणचाळीसवर येईपर्यंत माझ्या जिलबीवर साय धरली होती. मी तशीच दोन्ही तोंडं भिडवली आणि बोल्ट आवळले. बाहेरच्या कडेनं सगळीकडून छान करडा फेस आला, पुरणपोळीच्या कडेनं पुरण यावं तसा. मी तो बोटानं पुसून घेतला. एवढं बाहेर आलं म्हणजे तेवढंच आतही गेलं असणार, हे मराठीच्या मास्तरला सुचायला हवं होतं असं नाही. पण गणिताच्या मास्तरांनाही मी नंतर विचारलं, त्यांनाही सुचलं नसतं.

तेल थांबलं. अगदी थांबलं. बायकोनं परात घासून फडताळात ठेवली. पंधरा दिवस मी गल्लीत मान वर करून फिरलो.

मग पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या चढाला इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. आधी वाटलं, पाऊस. मग पाऊस थांबला आणि टकटक चालूच राहिली. गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरात आणावी लागली. ज्या मेस्त्रींकडं वडील जायचे, तिथं. मेस्त्री आता पंच्याहत्तरीचे असतील. चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली, पण बोटांना डोळे.

त्यांनी झाकण उघडण्याआधीच बाहेरच्या करड्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"सर, ह्ये लावलाईसा का लिंपलाईसा?"

मी गप्प.

मेस्त्रींनी झाकण काढलं, रबरी हातोडीनं, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकून. मग तळाशी हात घालून तेलाची जाळी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जाळी. तिच्यावर करड्या अळ्या. लांब, लवचिक, चकचकीत अळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. झाकण भिडताना जेवढी जिलबी आत ढकलली गेली, ती सुकून तुटली, तेलाबरोबर फिरत फिरत जाळीवर येऊन बसली. या जाळीतून तेल वर इंजिनाच्या डोक्यात चढतं. जाळी बुजली, तेल चढेना, वर धातू धातूवर कोरडा घासायला लागला. ती टकटक त्याची.

"भाईर गळतंय ते दिसतंय तरी," मेस्त्री म्हणाले. "तुमी गळती आत घातलासा."

मी चहा मागवला. कोल्हापुरात अपराध मान्य करायची ती रीत आहे.

चहा पिता पिता मेस्त्रींनी जे सांगितलं ते मी या खेपेला वहीत लिहिलं आणि वही उघडी ठेवली. पत्रिकेचं पॅकिंग का चाललं नाही? कारण या इंजिनात एका दांड्याचं टोक उजव्या झाकणातच बसतं. मध्ये कागद घातला की झाकण कागदाच्या जाडीएवढं बाहेर सरकतं, दांड्याला आडवी मोकळीक मिळते, गिअर कण्हतात. पॅकिंग का दिलं नाही, तर मोजमाप धातूलाच धातूनं धरायचं म्हणून. शिवाय कागद दबत जातो, बोल्ट सैल पडत जातात. "कंपनीनं कागद वाचवाय न्हाई ठेवलं तसं," मेस्त्री म्हणाले.

मग लेपाचं. सिलिकॉन वाईट नव्हे. पत्र्याचं झाकण असेल, तेलाचं चेंबर असेल, जे वाकतं, लवतं, ज्याच्यात फट मोठी राहते, तिथं सिलिकॉन हवंच. ते रबर होऊन लवतं, फट भरतं. तेही इंजिनाचं, बाथरूमचं नव्हे. बाथरूमच्या स्वस्त सिलिकॉनला सुकताना लोणच्यासारखा आंबट वास येतो. तो ॲसेटिक ॲसिडचा असतो आणि धातू खातो. पण दोन्ही तोंडं ओतीव, जाड, मशीन मारलेली, न वाकणारी असतील आणि फट केसाएवढीच असेल, तर तिथं काम वेगळ्या जातीचं. मेस्त्रींनी फळीवरून एक बाटली काढली. निम्मी भरलेली. आत जांभळट लाल.

मी ओळखलं. निम्म्या बाटलीची गोष्ट सांगितली. मेस्त्री एवढे हसले की चष्म्याची तार निसटली.

हा माल हवा लागली की पातळ राहतो आणि हवा तुटली की घट्ट होतो. हवा तुटली आणि सोबत धातू असला तरच. म्हणून बाटली हवा आत जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची, आणि निम्मी रिकामी. ती रिकामी जागा म्हणजे चोरी नव्हे, आतल्या मालाचा श्वास. काठोकाठ भरली तर बाटलीतच दगड होईल. ही जात अमेरिकेतल्या एका कंपनीत चाळिशीच्या दशकात सापडली, तेव्हा ती पातळ ठेवायला तिच्यात सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत, माशांच्या टाकीत सोडतात तसे. १९५३च्या सुमाराला हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी ती साध्या बाटलीत राहील असं केलं, आणि त्यातून लॉकटाइट उभं राहिलं. (हे मेस्त्रींनी नाही सांगितलं; मी घरी येऊन वाचलं. एका मास्तरनं दुनियेला कामाची वस्तू दिली हे वाचून मी बायकोला हाक मारून ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.)

"आणि ह्येचा खरा गुण बगा," मेस्त्री म्हणाले. दोन तोंडांच्या मध्ये जेवढं सापडतं, तेवढंच घट्ट होतं. आत जे ओघळेल, ते पातळच राहतं आणि तेलाबरोबर धुऊन जातं. अळ्या होत नाहीत. म्हणजे चुकणाऱ्या माणसाला थोडी माफी आहे. ॲल्युमिनियमवर हे जरा सावकाश धरतं, बिडावर चटकन. दीडशे अंशापर्यंत टिकतं, आपल्याला पुरे.

मला वाटलं, आता लावतील. पण मेस्त्रींनी बाटली परत फळीवर ठेवली आणि माझ्या हातात बोथट लाकडी पट्टी दिली.

"आदी खरडा."

दीड तास मी माझंच सिलिकॉन खरडत होतो. बोल्टांची भोकं काडीनं साफ केली. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा लेप साचला आणि वरनं बोल्ट आवळला, तर दाबानं कास्टिंग तडकू शकतं, असं मेस्त्रींनी सांगितल्यावर पुन्हा एकदा केली. मग पेट्रोलनं पुसलं. मग त्यांनी टेबलावर जाड सपाट काच ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, आणि झाकण त्यावर पालथं घातलं.

"उचकटलेलं उठलंय हितं. हलक्या हातानं घासा. आठाचा आकडा काढत काढत. मी जरा देवाला जाऊन येतो."

मी घासायला लागलो. आठाचा आकडा. नेटानं, एकाग्रतेनं, अक्षर वळणदार. वीस मिनिटांनी मेस्त्री आले, माझ्या मागं उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"सर."

"अं?"

"काय काढालाईसा?"

"आठ."

मेस्त्रींनी पॉलिश पेपरकडं बघितलं. मी वरून खाली यायचो आणि उजवीकडं वळण घ्यायचो, वरून खाली आणि उजवीकडं. ८. अगदी बालभारतीतला.

"इंग्रजी आठ, सर," मेस्त्री कळवळून म्हणाले. "इंग्रजी!"

इंग्रजी आठ फिरून परत येतो. त्यामुळं झाकण सगळीकडं सारखं घासतं. मराठी आठ निघतो आणि परत येत नाही. माझं झाकण एकाच अंगानं चमकत होतं. तीस वर्षांच्या नोकरीत मराठी भाषेनं मला असा हात दिला नव्हता. सुदैवानं मी हलक्या हाताचा. फार काही गेलं नव्हतं. उरलेली वीस मिनिटं मी इंग्रजी माध्यमात घासलं. झाकण काचेवर ठेवून मेस्त्रींनी कडेनं फीलर गेजची सगळ्यात बारीक पाती घालून बघितली. पाती कुठंच शिरेना. मग त्यांनी इंजिनाची श्वासनळीही फुंकून बघितली, कारण ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि मग कुठलाही लेप लावा, तेल वाट काढतंच.

आता बाटली. मेस्त्रींनी तर्जनीच्या टोकावर थेंबभर घेतलं आणि झाकणाच्या कडेनं बोट फिरवलं. मागं उरला फक्त रंग. लेप म्हणावा असं काही नव्हतंच. नवरीच्या पावलांना आळता लावावा तसा एक पुसट लाल पदर. भोकांच्या आतल्या बाजूनं, कुठं न तुटता.

"एवढंच?" माझ्या तोंडून गेलं.

"एवढंच."

"आणखी एक थेंब तरी?"

मेस्त्रींनी बाटलीचं टोपण लावलं आणि ती खिशात टाकली. मग झाकण बसवलं, सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग पान्यानं, समोरासमोर, चौफुलीनं, दोन खेपांत. "आज चालू करायची न्हाई. उद्या." एवढंच बोलून हात वेस्टला पुसले. बिलात मजुरी, तेल आणि जाळी होती. लेपाचे पैसे त्यांनी लावलेच नाहीत. म्हणाले, वापरलंय कुठं?

त्याला आता तीन महिने झाले. गाडीखालची फरशी कोरडी आहे. बायको अजून रोज सकाळी बघून येते आणि "शून्य" म्हणते, पण आवाजात पूर्वीची ती गंमत नाही. कट्ट्यावरच्या मंडळींना मी थेंबभर लेपाची हकिगत सांगितली, कुणाचा विश्वास बसला नाही. साबणवाला म्हणाला, आत तेल आहे का बघा एकदा.

मला मात्र त्या थेंबानं पछाडलं. वाटलं, आयुष्यभर आपण सगळं जिलबीसारखं ओतत आलो. निबंधाला पाने, सत्काराला भाषण, पोरांना उपदेश. आता थोडं, पातळ, नेमकं. दसऱ्यानंतर पहिल्या रविवारी मिसळ खायला गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो. पोऱ्या कटाची बादली घेऊन आला.

"कट थोडाच घाल," मी म्हणालो.

पोऱ्या थांबला. त्यानं गल्ल्यावरच्या मालकांकडं बघितलं. मालक उठून टेबलापाशी आले.

"सर, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"घरात सगळं?"

"सगळं बरं."

"मग," मालकांनी पोऱ्याच्या हातातली पळी घेतली, "कट कमी कशापाय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तीन पळ्या ओतल्या. शेव तरंगायला लागली. कटाची लाल तेलकट साय वाडग्याच्या काठापर्यंत आली, काठावर क्षणभर थांबली, आणि एक थेंब ओघळून टेबलावर पडला. इशारा पातळी केव्हाच गेली होती.

मी रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला. तिथं पॅकिंग दिलेलंच नव्हतं. मी ब्रेड बुडवला.